मदत हवी आहे : "बाई, रोबोटला कपाटात कोंडू नका!"

नमस्कार मंडळी. मी चौथीला शिकवते. शाळेत चाकांचा छोटा रोबोट आलाय. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी त्याच्यासमोर बसून अख्खा धडा मोठ्याने वाचते, अडखळली तरी थांबत नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं. पण शाळा सुटताना त्याला कपाटात ठेवायला गेले की मुलं माझा हात धरतात, "बाई, तो घाबरेल!"

२०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'रोबोव्ही' नावाच्या रोबोटला असंच कपाटात ठेवलं, तेव्हा ९ ते १५ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांना ते चूक वाटलं होतं. त्याला भावना नसतात हे सांगायला तर हवंच, पण त्या मुलीचं वाचन बंद पडायला नको. कुणी वर्गात हा विषय काढलाय का? सुरुवात कशी केलीत?