मदत हवी आहे: भाच्याला खाणीत जाऊ द्यावं का?

नमस्कार मंडळी. मी कळव्यात राहते, माहेर वणीकडचं. भाचा नुकताच बारावी झालाय. भावाचं शेत कोळसा खाणीत जातंय. कोल इंडियाच्या 2012 च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे, नोकरी नको असेल तर रोख रक्कम. भावाने पोराचं नाव देऊनही टाकलंय!

मी म्हटलं, इकडे पाठव. पण त्याचा मित्र रबाळे एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तास राबतो, एका खोलीत पाच जण. तिकडे मात्र कायम नोकरी, पीएफ, दवाखाना. शिवाय लग्नाच्या बाजारात भाव. कापसाच्या भरवशावर कोण मुलगी देतंय? लांबून 'जाऊ नको' म्हणणं सोपं आहे हो.

वणी, घुग्घुस, भद्रावतीकडचं इथे कुणी आहे का? भूमिगत की खुली खाण, यात निवड करता येते का? नोकरीत राहून मायनिंग सरदारची, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणाऱ्या पदाची परीक्षा देता येते का? आणि ज्यांनी नोकरीऐवजी रोख रक्कम घेतली, त्यांचं पुढे काय झालं? शनिवारी भावाला फोन करायचाय, त्याआधी कळवलंत तर बरं होईल.