आधी टेप लावा, मग भाव करा

१९८८ च्या इमारतीतलं, लिफ्ट नसलेलं वन रूम किचन ३५ लाखांना रास्त आहे का, असं विचारलंत. वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांनी 'डोंबिवलीत हाच रेट चाललाय' म्हटलंय. पण कुठल्या फुटावर?

तुमचे ४२० फूट बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी धरून आहेत. १.२ ने भागलं तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ३५०. म्हणजे ८,३३३ वाटणारा रेट प्रत्यक्षात १०,००० पडतो. आणि ३५० वरही टेप लावल्याशिवाय विश्वास नको. आमच्या घरी आत घेतलेली बाल्कनी धरूनही ३३५ च भरले!

एजंट सांगतो ती मागणी. घर खरं कितीला गेलं ते इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्यावर दिसतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतले अलीकडचे दस्त काढा. रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, मुद्रांक शुल्कापुरता, त्यावरून भाव ठरवू नका.

मी पाहिलेल्या एका घरात भिंती पिवळट आणि बाथरूमचं छत तेवढं पांढरंशुभ्र. झाडूच्या दांड्याने ठोकलं, तर पोकळ आवाज. मालक म्हणाले, 'दिवाळीला रंग काढला.' फक्त बाथरूमला? गळती झाकलेली असणार.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागा, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर आहे का, विचारा. ३० वर्षांपुढच्या इमारतीला बँकही कर्ज देताना कुरकुरते, तेही आधीच बघून घ्या.

आणि 'रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे' म्हणून कोणी चार लाख वाढवून मागत असेल, तर बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करार दाखवा म्हणावं.