एका रटाळ कलमाने सुटलेले साहेब

युद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेम्बर्गच्या खटल्यांत फायली हलवणाऱ्या बाबूंनाही सोडलं नाही, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. नाझी गृहखात्याचा सचिव श्टुकार्ट वान्झेच्या बैठकीला, म्हणजे ज्यूंच्या संहाराची आखणी झाली त्या बैठकीला, हजर होता. १९४९ मध्ये त्याला शिक्षा झाली ती आधीच भोगलेल्या कोठडीइतकी, म्हणजे निकाल लागला आणि साहेब घरी. नाझींच्या ज्यूविरोधी वंशकायद्यांवर त्याच्याबरोबर भाष्य लिहिणारा ग्लोब्के तर १९५३ ते १९६३ पश्चिम जर्मनीचा चान्सलर आडेनाउअरच्या कार्यालयाचा प्रमुख होता.

पण खरी मेख १९६८ ची. पश्चिम जर्मनीत किरकोळ नियमभंगांच्या दंडासंबंधी एक रटाळ विधेयक आलं, फारशी चर्चा न होता मंजूर झालं. त्यातल्या एका कलमाने, ज्याचा स्वतःचा हीन हेतू सिद्ध होत नाही अशा खुनातल्या साथीदाराची कमाल शिक्षा खाली आली. शिक्षा कमी म्हणून खटला भरण्याची मुदतही कमी, आणि नाझी गुन्ह्यांसाठी ती मोजायची १९४५ पासून. म्हणजे १९६० लाच संपलेली! १९६९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि राइखच्या मुख्य सुरक्षा कार्यालयातल्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयातल्या, अधिकाऱ्यांविरुद्ध बर्लिनमध्ये कित्येक वर्षं चाललेली खटल्यांची तयारी पाण्यात गेली. कलम मुद्दाम घुसवलं की नजरचुकीने, यावर अजून वाद आहे. कायदा मंत्रालयात त्या सुधारणांचं काम पाहणारा एडुआर्ड ड्रेहर नाझीकाळात इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होता, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.