पत्र्याच्या खोक्याला शोध म्हणायचं का? (कंटेनरबद्दल विचारायचंय)

खांदेश्वरकर

नमस्कार मंडळी. मुलीला कॉलेजात प्रोजेक्ट आलाय, रोजच्या वापरातला असा एक शोध घ्यायचा ज्याने आजची अर्थव्यवस्था घडवली. वर्गात निम्म्यांनी मोबाईल घेतला, बाकीच्यांनी इंटरनेट आणि यूपीआय. मी तिला म्हटलं तू कंटेनर घे, आपल्या इथे न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर गव्हाण फाट्याला उभं राहिलं तरी तासाभरात शेकडो जातात डोळ्यांसमोरून, आणि मी कुठेतरी वाचलं होतं की जगाचा व्यापार ह्याच्यामुळे बदलला. तर तिचं म्हणणं असं की बाबा, ह्यात शोध कसला, पत्र्याचा खोका आहे, त्यात ना मशीन ना वायर, असला खोका तर शंभर वर्षांपूर्वी पण कोणीही ठोकून दिला असता.

मला काही नीट उत्तर देता येईना. इथे शिपिंगमधले लोक आहेत म्हणून विचारतो, खरंच एवढा फरक पडला का, आणि पडला असेल तर आधी कोणाला कसं सुचलं नाही? जरा उदाहरणं देऊन सांगा, तिला दाखवणार आहे.

सीएचए_वाशी

तुमच्या मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि प्रोजेक्टची सुरुवात तिने ह्याच प्रश्नाने करावी असं मला वाटतं.

आधी काय होतं ते बघा. १९५४ मध्ये वॉरियर नावाचं एक मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून जर्मनीत ब्रेमरहाफनला गेलं, त्याचा अमेरिकेत पुढे बारीक अभ्यास झाला. माल होता साधारण ५,००० टन, पण नग किती, तर १,९४,५८२. पेट्या, पोती, पिंपं, गाठी, बंडलं, गाड्या, सगळं सुटं, आणि ह्यातला नग न नग माणसांनी उचलून ठेवला आणि तिकडे माणसांनीच उतरवला. आणि खर्चाचा हिशोब काढला तर प्रत्यक्ष समुद्रातून माल नेण्याचा वाटा फक्त साडेअकरा टक्के. म्हणजे अटलांटिक ओलांडणं स्वस्त आणि धक्का ओलांडणं महाग! एकूण खर्चाचा मोठा भाग दोन्हीकडच्या बंदरांतच जात होता.

मग मालकम मॅक्लीन. हा माणूस जहाजवाला नव्हताच, नॉर्थ कॅरोलिनाचा ट्रकवाला, शून्यातून मोठी ट्रक कंपनी उभी केलेला. त्याला जहाजाचं प्रेम वगैरे नव्हतं, त्याला फक्त माल इथून तिथे कमी पैशात न्यायचा होता आणि मला वाटतं म्हणूनच त्याला दिसलं जे जहाजवाल्यांना दिसत नव्हतं, की ट्रकमधला माल काढून जहाजात भरायचाच कशाला, ट्रकची अख्खी पेटीच उचला ना. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं आयडियल एक्स हे जहाज (जुना तेलवाहू टँकर, वरच्या डेकवर सांगाडा बसवलेला) न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं, वर ५८ पेट्या. तेव्हा सुटा माल जहाजात चढवायला टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडायचे, ह्या पद्धतीने पडले १६ सेंटच्या आत. परत वाचा, डॉलर नाही, सेंट.

एवढा फरक पडला की मग कारखाना कुठे काढायचा हा प्रश्नच बदलतो. बंदराजवळ, गिऱ्हाइकाजवळ असायची गरज उरत नाही. कापड एका देशात, बटणं दुसऱ्या देशात, शिलाई तिसरीकडे, हे परवडायला लागलं ते ह्यामुळे. चोऱ्या पण कमी झाल्या, बंदरात पेट्या फुटायच्या आणि व्हिस्की, घड्याळं गायब व्हायची हे जगभर ठरलेलं होतं. आता दारात बॉटल सील (एकदाच लागणारी लोखंडी खिळ्याची मोहोर) मारलं की ते कापल्याशिवाय आत हात जात नाही, आणि कापलं तर सगळ्यांना दिसतं.

धक्क्यावरचा

वरचं सगळं बरोबर आहे पण तो १६ सेंटचा आकडा प्रोजेक्टमध्ये लिहाल तेव्हा तो वाचलेला पैसा कोणाच्या मजुरीतला होता हे पण लिहा अशी विनंती आहे.

माझे वडील मुंबईच्या गोदीत होते, आमच्या चाळीत बरेच जण होते. जहाजाच्या पोटात उतरायचं, एका हातात लोखंडी आकडा, तो पोत्यात रुतवायचा आणि दोघांनी मिळून स्लिंगवर (उचलायच्या दोरांच्या झोळीवर) टाकायचं, वर विंच म्हणजे ओढयंत्र चालवणारा ओढून घेणार. दिवसभर. वडिलांच्या उजव्या तळहाताला अंगठ्याच्या खाली आकड्याच्या मुठीने घट्टा पडलेला, रिटायर झाल्यावर कितीतरी वर्षं तो होता तसाच होता. गँगमध्ये कोणी नवीन आला तर पहिले त्याला माल लावायला शिकवायचे, कारण जड खाली हलकं वर एवढंच नसतं ते, कुठल्या बंदरात काय आधी उतरणार त्या हिशोबाने रचावं लागतं आणि मध्ये पोकळी राहिली तर समुद्रात माल सरकतो. हे कसबाचं काम होतं, नुसती हमाली नव्हे.

आणि सुटा माल एकत्र भरण्यात धोके पण होते. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट, त्या फोर्ट स्टिकाईन जहाजात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या लगडी एकत्र होत्या. तेव्हा काम धोक्याचं होतं हे मी नाकारत नाही.

पण कंटेनर आला आणि जगभर गोद्या रिकाम्या झाल्या. लंडनच्या जुन्या गोद्या १९६७ पासून एकेक करत १९८१ पर्यंत सगळ्या बंद पडल्या, आज तिथे बँकांचे टॉवर आहेत. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्याच्या युनियनने (हॅरी ब्रिजेस त्यांचा पुढारी) १९६० मध्येच करार केला की यंत्रं आणा, आमची हरकत नाही, पण जो पैसा वाचेल त्यातला वाटा कामगारांच्या फंडात टाका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण म्हणजे वाटा देता येत होता, मागणारी युनियन मजबूत होती तिथे मिळाला. मुंबईत पण युनियन मजबूत होती, ज्यांच्या नावाने पी. डिमेलो रोड आहे ते गोदी कामगारांचेच पुढारी, त्यामुळे पर्मनंट लोकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतलं गेलं. पण पुढची पिढी घेतलीच नाही. माझ्या वयाच्या एकालाही गोदीत नोकरी लागली नाही. काम खाडीपलीकडे न्हावाशेव्याला गेलं आणि प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर भर घालून बुजवले.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत डेकवर आहे. वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय पण मुलीच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, की असला खोका आधी का नाही.

उत्तर असं की होता! इंग्लंडच्या रेल्वेकडे १९२०-३० च्या काळात पेट्या होत्या, अमेरिकन लष्कर कोरियाच्या युद्धात लोखंडी पेट्यांतून सामान नेत होतं. खोका ही अडचण कधीच नव्हती. अडचण ही होती की प्रत्येकाचा खोका वेगळा. मॅक्लीनचा ३५ फुटी, हवाईकडे जहाजं चालवणाऱ्या मॅटसन कंपनीचा २४ फुटी, एकाचा दुसऱ्याच्या जहाजात बसणार नाही, एकाची क्रेन दुसऱ्याला उचलणार नाही. असे हजार खोके असले तरी व्यापार बदलत नाही.

खरा शोध बघायचा असेल तर मुलीला घेऊन एखाद्या उभ्या ट्रेलरजवळ जा आणि कंटेनरचा फक्त कोपरा दाखवा. आठही कोपऱ्यांना ओतीव पोलादाचा एकेक ठोकळा वेल्ड केलेला असतो, त्याला लांबट गोल भोकं. खाली ट्रेलरवर बघा, त्या भोकात बसणारी एक खुंटी असते, तिला ट्विस्टलॉक म्हणतात, आत गेली की ९० अंश फिरवायची, झालं, लॉक. हीच खुंटी जहाजावर, हीच रेल्वेच्या वाघिणीवर, हीच क्रेनच्या स्प्रेडरला (कंटेनर वरून पकडणाऱ्या चौकटीला), आणि हीच एका कंटेनरवर दुसरा ठेवताना मध्ये. पत्रा अगदी पातळ असतो, नागमोडी केलेला म्हणून ताठ राहतो, वजन तो घेतच नाही, सगळं वजन चार खांबांतून कोपऱ्यांवर उतरतं. म्हणून तर एकावर एक आठ-नऊ भरलेले रचता येतात. मी रात्री डेकवर राउंड मारताना लॅशिंग रॉड (कंटेनर डेकला बांधणाऱ्या सळ्या) हाताने हलवून बघतो, वर वीस-पंचवीस मीटर उंच भिंत उभी असते आणि सगळी त्या कोपऱ्यांच्या भरवशावर, मला आजही ह्या रचनेबद्दल मनापासून आदर वाटतो.

हा कोपरा बनवला कीथ टँटलिंगर नावाच्या इंजिनियरने, मॅक्लीनकडेच काम करायचा. आणि आता महत्त्वाचं. त्याचं पेटंट मॅक्लीनच्या कंपनीकडे होतं, आणि १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मापं ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते सगळ्यांना फुकट वापरू दिलं. स्वतःच्या हातातला हुकमाचा एक्का सोडून दिला! आणि गंमत बघा, कमिटीने जी लांबी ठरवली, १०, २०, ३०, ४० फूट, त्यात मॅक्लीनचा ३५ पण नव्हता आणि मॅटसनचा २४ पण नव्हता. कित्येक वर्षं भांडणं चालली त्या कमिट्यांमध्ये, शेवटी १९६८ ते १९७० च्या दरम्यान मापं पक्की झाली. त्याच्या आधी व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराचं सामान मॅक्लीनची जहाजं तिथल्या कॅम रान्ह बे बंदराला न्यायला लागली होती, परतीला रिकामी यायची तर वाटेत जपानला थांबून तिथला माल उचलायची, जपानच्या टीव्ही-रेडिओला अमेरिकेचं दार असं अजून सोपं झालं.

तर मुलीला सांगा, शोध म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लोकांनी एक माप मान्य केलं तो. खोका कोणीही ठोकू शकतो, हे म्हणणं तिचं खरंच आहे आणि कोणीही ठोकलेला चालतो हीच तर ताकद आहे.

निफाड_बागायतदार

आमच्याकडून पण दोन शब्द. आमची द्राक्षं युरोपला जातात ती ह्याच पेटीतून, फक्त तिला एका टोकाला कूलिंगचं मशीन, रीफर म्हणतात.

बागेतून माल सकाळी पॅकहाऊसला, तिथे मणी तपासून पनेटमध्ये (छोट्या प्लास्टिकच्या डब्यात), खोक्यात सल्फरचा पॅड, मग प्रीकूलिंग करून तापमान शून्याजवळ आणायचं. नवीन लोकांचा गैरसमज असतो की गरम माल भरला तरी रीफर गार करील. रीफर गार करत नाही हो, गार आहे ते गार ठेवतो. आतली जमीन पट्ट्यापट्ट्यांची असते, गार हवा खालून येते आणि पेट्यांमधून वर जाते, भिंतीला लाल रेघ मारलेली असते तिच्या वर एक पण खोका गेला की हवेचा रस्ता बंद आणि मागचा माल गेला. माझ्या चुलत्याने एका वर्षी भरणाऱ्या पोरांशी ह्या रेघेवरून दारात उभं राहून वाद घातला होता, शेवटी वरचा थर काढायला लावला आणि मगच दार लावू दिलं.

ही पेटी नसती तर निफाडचा माल रॉटरडॅमला विमानानेच न्यावा लागला असता आणि तो परवडला नसता. पण ह्याची दुसरी बाजू पण सांगतो. मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन नावाचं ते ४०० मीटरचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, ते सहा दिवस आम्ही बातम्या बघत बसलेलो, ऐन सीझन. आणि २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात येमेनजवळ जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-पंधरा दिवस वाढले, भाडं वाढलं. द्राक्षाला दहा दिवस म्हणजे किती ते बागवाल्यालाच विचारा. छाटणी आम्ही ऑक्टोबरमध्ये करतो, आणि दर ठरतो येमेनच्या किनाऱ्यावर काय चाललंय त्याच्यावर. जग जवळ आलं हे खरं, पण सगळ्यांची संकटं पण दारात आली.

करळफाटा

उरणवाला आहे. न्हावाशेवा बंदर २६ मे १९८९ ला चालू झालं हे सगळे लिहितात. शेवा कोळीवाडा त्याच्यासाठी उठवला गेला हे फार कमी जण लिहितात. ती माणसं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवली, तिथे घरांना वाळवी लागली, चौकटी, दारं, कपाटं पोखरली, आणि पुनर्वसनासाठी त्यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. आता वाढवणच्या बंदरावरून पालघरचे मच्छीमार बोलतायत ते हे सगळं बघूनच बोलतायत. धक्क्यावरचा दादांनी कामगारांचं लिहिलं त्याला जोडून हे पण प्रोजेक्टमध्ये येऊ दे ताई. बाकी बंदरामुळे आमच्या पोरांना ट्रेलर, सर्व्हेयर, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामांत) कामं पण मिळाली, ते पण लिहायला पाहिजे.

खांदेश्वरकर

सगळ्यांचे मनापासून आभार! मुलगी स्वतः वाचत बसली होती, कोपऱ्याचं वाचून लगेच म्हणाली उद्या फाट्यावर जाऊ. दर्यावर्दी साहेब, तुमच्या शेवटच्या ओळीवरून तिने पेनाने वहीत उतरवून घेतलंय काहीतरी. अजून एक तिची शंका, दारावर चार अक्षरं, सहा आकडे आणि मग चौकोनात एकटाच एक आकडा लिहिलेला असतो, तो कशाला?

सीएचए_वाशी

तो चेक डिजिट. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेक वेळा यू, म्हणजे मालाचा कंटेनर, मग सहा आकडी नंबर. प्रत्येक अक्षराला एक ठराविक किंमत आहे (ए १०, बी १२, ११ आणि त्याच्या पटी गाळून), मग दहाही जागांना १, २, ४, ८ असं दुपटीने ५१२ पर्यंत गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी राहील तो चौकोनातला आकडा. बाकी १० आली तर शून्य लिहितात. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला किंवा दोन आकड्यांची अदलाबदल झाली की हिशोब सहसा जुळत नाही आणि सिस्टीम तिथेच अडवते. आमच्याकडे बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा अर्ज) भरताना एका आकड्याची चूक म्हणजे माल अडकून डेमरेज (उशिराचा आकार) चालू, त्यामुळे ह्या आकड्याने किती जणांचे पैसे वाचवलेत ते आम्हाला विचारा.

फाट्यावर जाल तेव्हा तिला दोन-तीन कंटेनरचे नंबर वहीत लिहून घ्यायला सांगा आणि घरी येऊन हिशोब करू दे. रोडच्या कडेला चालत्या ट्रेलरजवळ मात्र नेऊ नका, पार्किंग यार्डाच्या गेटवर वॉचमनला विचारून उभ्या गाडीचा कोपरा बघा, कोणी नाही म्हणत नाही.