दोन पोर्टचे नेटवर्क कार्ड पूर्ण वेग का देत नाही?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या सर्व्हरमध्ये प्रत्येकी २५ गिगाबिटचे दोन पोर्ट असलेले, पीसीआय एक्सप्रेस ३.० चे (कार्ड मदरबोर्डला जोडणारी व्यवस्था) आठ लेनचे, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या आठ समांतर मार्गांचे, कार्ड आहे. कोणताही एक पोर्ट एकटा चालवला तर सेकंदाला सुमारे २३ गिगाबिट डेटा येतो. मात्र दोन्ही पोर्टांवरून एकाच वेळी डेटा घेऊ लागलो की बेरीज २६ च्या पुढे सरकत नाही. केबल बदलल्या, ड्रायव्हर अद्ययावत केला, प्रोसेसरवरही ताण दिसत नाही. कार्ड सदोष असावे का?

उत्तर १:
कार्डाला दोष देण्यापूर्वी स्लॉट तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण २६ हा आकडाच बोलका आहे. ३.० च्या एका लेनचा वेग सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर (म्हणजे ८ अब्ज कच्चे बिट) असतो आणि एन्कोडिंगचा, म्हणजे डेटासोबत पाठवाव्या लागणाऱ्या जादा बिटांचा, वाटा वजा जाता चार लेनना मिळून एका दिशेने सुमारे ३१.५ गिगाबिट उरतात. शिवाय मेमरीत जाणारा डेटा लहान तुकड्यांत विभागला जातो, ज्यांची मर्यादा अनेक सर्व्हरांत २५६ बाइट असते, आणि प्रत्येक तुकड्यामागे वीसहून अधिक बाइट हेडर व तपासणीसाठी खर्च होतात. डिस्क्रिप्टरची, म्हणजे प्रत्येक पॅकेट मेमरीत कुठे आहे हे सांगणाऱ्या छोट्या नोंदींची, ने-आणही याच लेनवरून होते. हे सारे वजा केले की तुमचाच आकडा समोर येतो. अनेक मदरबोर्डांवर स्लॉट दिसायला आठ लेनचा असतो, पण त्याला जोडलेल्या लेन चारच असतात. लिनक्स असेल तर एलएसपीसीआय (lspci) या जोडलेली कार्डे दाखवणाऱ्या आज्ञेच्या सविस्तर माहितीत कार्डाची क्षमता आणि लिंकची सध्याची रुंदी ताडून पाहा.

उत्तर २:
वरील निदान मला पटते. मात्र आठ लेन मिळाल्या म्हणजे बसचा (कार्ड व सर्व्हर यांमधील या डेटामार्गाचा) प्रश्न मिटला, असे समजू नये. ६४ बाइटच्या पॅकेटांनी २५ गिगाबिटचा एक पोर्ट भरला तर सेकंदाला ३ कोटी ७० लाखांहून अधिक पॅकेटे येतात. प्रत्येकासाठी हेडर आणि डिस्क्रिप्टरचा खर्च नव्याने करावा लागतो, त्यामुळे डेटा थोडा असूनही लिंक भरून जाते. जुन्या ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ पीसीआयची गत याहून वाईट होती: सर्व कार्डांत मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइट, तर गिगाबिटच्या एकाच कार्डाला दोन्ही दिशांसाठी २५० लागत.

प्रश्नकर्ता:
क्षमता आठ लेन, प्रत्यक्ष लिंक चार! कार्ड प्रोसेसरला थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये हलवल्यावर दोन्ही पोर्ट मिळून ४६ गिगाबिट येत आहेत. लहान पॅकेटांची चाचणी आता घेतो. दोघांचेही मनापासून आभार.