चेनचा जुना ट्रॅक्टर, दुर्मिळ आहे का नुसतं लोखंड?

निफाडचा_गडी:
मंडळी, आमच्या मळ्यात कांद्याच्या चाळीमागं आजोबांचा चेनचा ट्रॅक्टर पडलाय, घाणेरी त्यातनं वर आलीय, पिवळा रंग कुठंकुठं दिसतो नि रेडिएटरवर कॅटरपिलर वाचता येतं. भंगारवाला किलोवर मागतोय, वडील म्हणतात देऊन टाक, चुलते म्हणतात असला पीस जिल्ह्यात नाही, लाखात जाईल. कागद एकही नाही. साल कसं काढायचं?

सातपूर_फिटर:
भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठव आधी. रंगावर जाऊ नको, कंपनीनं १९३१ च्या शेवटी करडा सोडून पिवळा धरला, त्यावरनं काय कळणार. नंबर शोध. डॅशवरची पाटी बहुतेक गेलेलीच असते, पण इंजिन ब्लॉकवर आणि मागं ट्रान्समिशनच्या केसवर पंच केलेला असतो, रॉकेल नि वायर ब्रश घेऊन बस. सुरुवातीचा आकडा-अक्षर नीट वाच.

निफाडचा_गडी:
सापडला!! दोन तास गेले. मागं ५यू नि पुढं चार आकडे, शेवटचा ३ का ८ कळेना. ब्लॉकवर पण ५यू.

सातपूर_फिटर:
मग कॅटरपिलरचं डी२ मॉडेल आहे, डिझेलवालं, इंजिन पण त्याच मालिकेतलं. डी२ निघाला १९३८ ते १९५७, त्यात ५यू म्हणजे १९४७ नंतरचा रुंद, एका चेनपट्ट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ५० इंच भरायला पाहिजे, टेप लाव. ४यू तो ४० इंची. चुलत्यांना सांग दुर्मिळ नाहीये, हजारांनी बनलेत. याचाच पेट्रोलवाला प्रकार, आर२, असता तर मीच पळत आलो असतो. पोनी मोटर आहे का पण?

सिन्नरचे_नाना:
बाळा, स्वातंत्र्यानंतर अमेरिकन लष्कराचे उरलेले असले ट्रॅक्टर सरकारनं कांस गवताच्या पडीक जमिनी फोडायला लावले होते, १९४९ ला जागतिक बँकेनं त्याच कामाच्या मशिनरीला १ कोटी डॉलर कर्ज दिलं. तुझा त्यातला असेलच असं नाही हां. आजोबांनी कुणाकडून घेतला ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेव, नंबर काय कुठं जात नाही, माणसं जातात.

निफाडचा_गडी:
नाना, विचारतो. पोनी मोटर म्हणजे काय पण? इंजिनच्या बाजूला मोकळी जागा नि चार बोल्टची भोकं आहेत.

सातपूर_फिटर:
अरारा. दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं, दोरी ओढून ते चालू करायचं, त्याच्या धुराड्यानं मोठ्याची हवा गरम होते, पाणी दोघांचं एकच, मग पिनियन टाकून डिझेल फिरवायचं. ते नसेल तर गिऱ्हाईक निम्म्यानं मागणार.

निफाडचा_गडी:
आत्ता चुलत्यांना विचारलं. आजोबांनी काढून कडबाकुट्टीला जोडली होती म्हणे, दहा मिनिटांत लालबुंद होऊन बसायची म्हणून परत कुणी हात लावला नाही.

सातपूर_फिटर:
बसणारच ना, स्वतःचं रेडिएटर कुठंय तिला! आहे कुठं आता?

निफाडचा_गडी:
चाळीतच, बारदानाखाली. रविवारी या, घाणेरी तोडून ठेवतो.