मदत हवी आहे: लंडनच्या काउन्सिल घरांमधली ब्लॅक चळवळ – रहिवाशांच्या स्वतःच्या आठवणी आणि कागद कसे मिळवावेत?

नमस्कार मंडळी,

लंडनमध्ये नोकरी सांभाळून एमए करतेय. प्रबंधाचा विषय आहे १९७०च्या दशकात इथल्या ब्लॅक लोकांनी सरकारी घरांसाठी दिलेला लढा. तेव्हा चळवळीतले आशियाईही स्वतःला ब्लॅकच म्हणवत, म्हणून बंगाली कुटुंबंही त्यात घेतली आहेत.

काउन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचं, घर हवं तर यादीत नाव नोंदवावं लागायचं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी त्या भागात काही वर्षं राहिल्याची अट असे. नवा आलेला माणूस तिथेच गळायचा. दुसरीकडे काउन्सिलच्याच इमारती पाडकामाची वाट बघत रिकाम्या पडलेल्या. त्यांत कुणी घुसू नये म्हणून काउन्सिलची माणसं संडासात सिमेंट ओतायची, नळाचे पाइप उखडायची. (हो, स्वतःच्याच मालमत्तेचे!) तरी लोक शिरले, पाइप जोडले, राहू लागले.

ब्रिक्स्टनमध्ये १९७३ साली ऑलिव्ह मॉरिस आणि लिझ ओबी या कार्यकर्त्यांनी १२१, रेल्टन रोडचा असाच ताबा घेतला. पूर्व लंडनमध्ये १९७६ ला बंगाली हाउसिंग अ‍ॅक्शन ग्रुप निघाला. त्यात पुढाकार 'रेस टुडे' या ब्लॅक चळवळीच्या नियतकालिकाच्या मंडळींचा होता: आपल्या पुण्याचे फारुख धोंडी आणि पुढे फूलनदेवीचं चरित्र लिहिणाऱ्या माला सेन. पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेन या रस्त्याजवळची पेलहॅम बिल्डिंग्ज ही ग्रुपची मोठी वस्ती. ग्रुपचं म्हणणं होतं की घर ब्रिक लेनच्या आसपासच द्या. लांबच्या वसाहतीत एकट्यादुकट्या बंगाली कुटुंबाच्या खिडक्या फुटायच्या, दाराच्या टपालफटीतून घाण आत यायची. 'यांना एकत्रच राहायचं असतं' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं. १९७७ मध्ये ग्रेटर लंडन काउन्सिलने (सगळ्या लंडनची मिळून असलेली काउन्सिल) अशा ताबा घेतलेल्यांना माफी दिली आणि बऱ्याच जणांना त्याच भागात घरं मिळाली.

अडचण अशी, की सरकारी फायलींत हे लोक एकतर अतिक्रमण करणारे, नाहीतर थकबाकीदार. घर खाली करा म्हणणारी नोटीस सापडते, ती आल्यावर जिन्यात झालेली बैठक सापडत नाही. बायका तर जवळपास नाहीतच. लॅम्बेथ अर्काइव्हजमधला ऑलिव्ह मॉरिस संग्रह पाहिलाय, ब्लॅक कल्चरल अर्काइव्हज आणि पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स भागाचं स्थानिक इतिहास ग्रंथालय चालू आहे.

आता म्हाताऱ्या रहिवाशांशी बोलायचंय. कुणी असं काम केलंय का? सुरुवात कशी करता? आणि पुण्यामुंबईत कुणाच्या घरी 'रेस टुडे'चे जुने अंक, पत्रं आहेत का?

वरळीकर: मी बीडीडी चाळींत १९७४ च्या दंगलीच्या आणि दलित पँथरच्या आठवणी गोळा केल्यात. 'चळवळीबद्दल सांगा' म्हटलंत की समोरचा भाषण ठोकतो. त्याऐवजी पाणी किती वाजता यायचं, वर्गणी कोण गोळा करायचं, पोलीस आले की पोरं कुणाकडे ठेवायचे, हे विचारा. बायका आपोआप बोलायला लागतात. नवऱ्याला मात्र आधी चहा आणायला पाठवा. आणि रेकॉर्डिंगची लेखी परवानगी पहिल्याच भेटीत घ्या, पुढे वारस हरकत घेतात.

धागाकर्ती: वरळीकर, खूप आभार. पोरं कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता! तुमची प्रश्नावली आणि परवानगीचा नमुना व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? भाषेचा आणखी एक पेच आहे: सिल्हेटी (बांगलादेशातल्या सिल्हेटकडची बोली) बोलणाऱ्या आजींशी बोलायला दुभाषी लागेल, आणि त्यांचा मुलगाच दुभाषी झाला तर त्या मोकळेपणी बोलतील असं वाटत नाही. यावर कुणी काय केलंय?